त्रेसष्ट ठिपके

आमच्या देवघरासमोरच्या भिंतीवर चार वर्षांच्या एका मुलीचा फोटो आहे. ती कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. खरं सांगायचं तर अशी मुलगी कधी जन्मालाच आली नाही. तिला घरात मी आणली, मोठ्या हौसेनं, ऑटोत मांडीवर धरून, वरून ओढणी घालून, काचेवर धूळ बसू नये म्हणून. आणि पुढे मी तिला जेवढी घाबरले तेवढी आजवर कोणाला घाबरले नाही. आमच्या शाळेच्या प्राचार्यांनासुद्धा नाही, आणि त्यांना तर अंगणातली मांजरंही घाबरतात.

हे सगळं सुरू झालं सासूबाईंच्या डोळ्यांपासून. त्यांना मी आई म्हणते. आई इच्छापूरच्या, लग्न होऊन बऱ्हाणपूरला आल्या त्याला पंचावन्न वर्षं झाली, पण बोली अजून गावाकडचीच. त्यांची पहिली मुलगी चार वर्षांची असताना तापानं गेली. माझा नवरा त्यानंतर तीन वर्षांनी झाला, म्हणजे त्यानं बहिणीला पाहिलेलंच नाही. सासरे जाऊन बारा वर्षं झाली. आता त्या मुलीचा चेहरा पाहिलेलं असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करायचं म्हटलं की शुगर आडवी यायची. डॉक्टर म्हणायचे, आधी शुगर उतरवा. शुगर काही उतरत नव्हती, कारण आई डब्यातली जिलेबी आम्हाला न सांगता खायच्या. डोळ्यांना दिसत नसलं तरी डबा बरोबर सापडायचा.

मुलीचा फोटो होता तो एकच. इच्छापूरच्या जत्रेत तंबू ठोकून बसलेल्या फोटोवाल्यानं काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेले डोंगर, पुढे लाकडी घोडा, घोड्यावर फ्रॉक घातलेली मुलगी. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. सगळा पडदा दिसावा म्हणून त्यानं लांबून काढलेला, त्यामुळे चेहरा जेमतेम अर्ध्या इंचाचा. तंबूवाला जत्रेबरोबर पुढच्या गावाला गेला, निगेटिव्ह त्याच्याबरोबर गेली. काही महिन्यांत मुलगीही गेली. उरला हा फोटो. पंचवीस वर्षं मी त्याला हार घातला, उदबत्ती दाखवली. पण नीट पाहिला का? नाही. आपल्या घरातल्या रोजच्या वस्तूला कोण पाहत बसतं!

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी आई फोटोला नाक लावून उभ्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "मले आता तिचं तोंड दिसून नाही राह्यलं वो बाई. नुसतं ढवळं दिसते. मोठा करून आन ना फोटो."

असं काही त्या कधी मागत नाहीत. साडीसुद्धा दुसऱ्यानं आणली तर नेसतात. म्हटलं, आणते की, त्यात काय एवढं.

फ्रेम उघडायला गेले तर फोटो काचेला चिकटलेला. एका कोपऱ्यात काच तडकलेली, आत ओल शिरली असणार. ओढला असता तर चेहरा काचेवर राहिला असता आणि कागद हातात. म्हणून ओढला नाही. एवढी एक अक्कल सुचली, त्यानंतर सगळी बंदच पडली. काचेतूनच मोबाइलनं फोटो काढला. ट्यूबलाइटची रेघ चेहऱ्यावर येत होती म्हणून बाजूला सरकून, जरा लांबून काढला. मुलीच्या गालावर एक काळा ठिपका दिसला. फोटोला कडेनं बुरशी लागलेलीच होती. म्हटलं त्यातलाच डाग. आणि तो फोटो चौकातल्या दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवला. खाली लिहिलं: बारा बाय अठरा. चेहरा स्पष्ट हवा. गालावरचा डाग काढा.

हा मेसेज मला पाठ आहे. नंतर मी तो किती वेळा वाचला असेल त्याला गणती नाही.

दुकानदार पन्नाशीचा, वडिलांच्या काळापासून फोटोच्या धंद्यातला. आता फोटो कमी आणि केळीच्या व्यापाऱ्यांचे बॅनर, लग्नाचे फ्लेक्स जास्त. त्याचा फोन आला, "मॅडम, फोटो बहुत हलका है. पण टेन्शन नका घेऊ, आता मशीन सगळं बनवून देते."

बनवून देते, असं तो स्वच्छ म्हणाला होता. मी म्हटलं, द्या बनवून.

चार दिवसांनी फोटो घ्यायला गेले आणि दुकानातच 'अगं बाई!' असं तोंडातून निघालं. काय चेहरा होता! टपोरे डोळे, एकेक पापणी मोजून घ्यावी अशी, ओठांवर हसू, गाल तर साबणाच्या जाहिरातीतल्या पोरीसारखे. मागचा पडदा कापून मुलगीच मोठी केलेली, तळहाताएवढा चेहरा आणि कुठे फाटलेला नाही, पुसट नाही. मी दुकानदाराचं तोंड भरून कौतुक केलं. शाळेतल्या दोन बायकांना त्याच्याकडे पाठवते म्हटलं.

घरी आणला, लावला. आई फोटोवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "आली वो माझी बाय. आता दिसते." आणि रडल्या. मीही रडले. नवऱ्यानं तेवढ्यात बाहेर जाऊन स्कूटर पुसली. त्याला रडू आलं की तो स्कूटर पुसतो.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. गेलेल्या माणसाचा घरात एकच फोटो ठेवायचा. नवा लावला की जुना तापीत सोडायचा. एका माणसाचे दोन फोटो ठेवले तर त्याचा जीव दोन्हीकडे ओढला जातो, असं आई म्हणतात. सासऱ्यांच्या वेळीही तसंच केलं होतं. अमावास्येला मी तो जुना फोटो, फ्रेम काढून, काचेसकट, निर्माल्याबरोबर राजघाटावर नेला आणि पाण्यात सोडला. काचेच्या वजनानं लगेच खाली गेला. मी हात जोडले, ओले हात पदराला पुसले आणि येताना मेथीची जुडी घेऊन घरी आले.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी स्टुलावर चढून नव्या फोटोची काच पुसत होते. इतक्या जवळून त्याकडे पहिल्यांदाच बघत होते. फडकं मुलीच्या हातावर आलं. तिनं घोड्याचा लगाम धरलेला. मला काहीतरी खटकलं. बोटं मोजली. गणिताची बाई आहे, म्हणून पुन्हा मोजली. सहा.

फडकं हातातच राहिलं. वर पाहिलं तर ती हसत होती. मग फ्रॉक पाहिला. त्यावरचं एक फूल अर्धं फ्रॉकवर आणि अर्धं दंडाच्या कातडीत गेलेलं. दात पाहिले. जुन्या फोटोत ती हसत होती का? तोंड मिटलेलं होतं, नाही? गाल फुगवलेले होते, रुसल्यासारखे? मला आठवेना. पंचवीस वर्षं रोज समोर असलेला चेहरा मी डोळ्यांपुढे आणायला गेले आणि समोर हीच यायची, ही हसरी. जुनी येतच नव्हती.

खालून आई म्हणाल्या, "पुसली का वो? पोर स्वच्छ दिसली पाह्यजे."

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर दुकान गाठलं. दुकानदारावर ओरडायचंच ठरवून गेले होते आणि ओरडलेही. "तुम्ही कोणाचा चेहरा लावलाय हा?" त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून वडिलांच्या वेळचं जाड भिंग काढलं, एक छापलेला फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "बघा मॅडम. आरामसे बघा."

भिंगातून पाहिलं तर फोटो नव्हताच. ठिपके होते. निळे, गुलाबी, पिवळे, काळे, नुसता ठिपक्यांचा सडा. तो म्हणाला, हातात घेऊन बघायच्या चांगल्या फोटोला एका इंचात तीनशे ठिपके लागतात. ते फोटोत असले तर मशीन छापते. फ्लेक्सला कमी असले तरी भागतं, कारण फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघायचा. मग त्यानं माझ्या फोटोची गोष्ट सांगितली. तुम्ही लांबून काढला, वरून व्हॉट्सअॅपवर पाठवला. व्हॉट्सअॅप फोटो आवळून लहान करतं. माझ्याकडे आला तेव्हा चेहऱ्याच्या वाट्याला आडवे दीडशे ठिपके होते. "दीडशेमध्ये मी क्या करू, सांगा."

मी त्याच्या बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. चार इंचांच्या चेहऱ्याला ठिपके लागणार बाराशे. आहेत दीडशे. म्हणजे प्रत्येक ठिपका आडवा आठपट आणि उभा आठपट ताणायचा. एका ठिपक्याच्या जागी चौसष्ट. त्यातला एक खरा.

"आणि उरलेले त्रेसष्ट?" मी विचारलं.

"ते मशीन आपल्या मनानं भरते. तिनं लाखो लहान पोरं पाहिलीयेत ना. अशी भुवई असली तर असा डोळा असेल, असं धरून चालते."

मी त्या आकड्याकडे बघत बसले. सातवीच्या वर्गात मी पोरांना सांगते, माहीत नसेल तर उत्तर कोरं सोडा, ठोकून देऊ नका. आणि घरी मी भिंतीवर काय टांगून ठेवलं होतं? एकाला त्रेसष्ट ठोकून दिलेले. आई रोज सकाळी त्यांच्याशी बोलत होत्या.

"मूळ फोटो आणा," तो म्हणाला. "मी स्कॅन करतो. काचेसकट स्कॅन होतो, निकालनेकी जरूरत नाही."

मूळ फोटो तापीत होता.

ते ऐकून त्याचाही चेहरा उतरला. मग म्हणाला, मोबाइलमध्ये तरी असेलच? मी मोबाइल उघडला. माझा मोबाइल दर पंधरा दिवसांनी 'जागा भरली' म्हणून ओरडतो आणि मी दर पंधरा दिवसांनी झाडून सगळं उडवते. स्वच्छतेची भारी हौस ना मला! गॅलरीत नव्हता. व्हॉट्सअॅपवर होता, पण कसा? धुरकट चौकोन आणि मध्ये बाण. बाण दाबला. फाइल आता उपलब्ध नाही, असं आलं. त्या धुरकट चौकोनात एक ढवळा ठिपका होता, तोच तिचा चेहरा. खाली माझा मेसेज: डाग काढा.

दुकानदार म्हणाला, माझ्याकडे बघतो, पण मध्ये कॉम्प्युटरला व्हायरस आला होता, जुन्या हार्ड डिस्कमध्ये कुठे गेला असेल तर गेला असेल. हजारो फोटो आहेत आणि एकाचंही नाव धड नाही. बघतो.

घरी आले तर नवरा आनंदात. "शुगर उतरली! डॉक्टरांनी तारीख दिली. तीन आठवड्यांनी डावा डोळा."

आई खाटेवर बसून टाळ्या वाजवत होत्या, लहान पोरासारख्या. "आता मी माझ्या बायले नीट पाहीन!"

आजपर्यंत त्यांचे डोळे म्हणजे रस्त्याच्या पलीकडून फ्लेक्स बघणं होतं. त्या धुक्यात कुठलीही लहान मुलगी त्यांची मुलगी होती. तीन आठवड्यांनी धुकं जाणार होतं.

त्या दिवसांत मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. मी म्हटलं, ऊन वाढायला लागलंय, डोळ्याला धूळ लागेल, पावसाळ्यानंतर करू. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, खांडव्याला चांगला आहे म्हणतात. एकदा तर, खरं सांगते, जिलेबीचा पुडा घरी आणला आणि आईंना दिसेल अशा जागी ठेवला. नाही, दिसेल अशा नाही, सापडेल अशा. ठेवला आणि पाच मिनिटांनी स्वतःच उचलून शेजारी देऊन आले. एका म्हाताऱ्या बाईला आंधळी ठेवायचा विचार माझ्या मनात आला होता! स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो फोटोपुढे जाऊन उभा राहिला, बोटं मोजली, परत आला. म्हणाला, "पण छान दिसतीये. आईला बरं वाटतंय. तू कशाला एवढी घाबरतेस? तिला कळणार नाही."

त्याला कसं सांगू? त्यांना कळेल याची मला भीती होतीच. पण कळणार नाही याची त्याहून जास्त होती. त्यांनी नव्या डोळ्यांनी त्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हो, हीच माझी, तर? मग खरीचा चेहरा जिथे एका ठिकाणी शिल्लक होता तिथूनही पुसला जाणार. पन्नास वर्षं त्यांनी तो डोक्यात जपला. आणि एका फोटोनं, मी आणलेल्या, तो गेला असता. मूल एकदा तापानं गेलं ते देवाची करणी. दुसऱ्यांदा गेलं असतं ते माझी.

मी रोज शाळेतून येताना दुकानात डोकवायची. दुकानदार मान हलवायचा. मला पाहून तो चष्मा काढून पुसायला लागायचा. मी म्हणजे त्याच्या मागे लागलेली साडेसातीच. घरी फोटोसमोरून जाताना मी खाली बघून जायची. ती हसायची. दुपारी घर रिकामं असलं की तिच्या सहाव्या बोटाकडे नजर जायचीच. ते बोट दिवसेंदिवस मोठं वाटायला लागलं. आणि आई सकाळी पदर सावरत तिच्याशी बोलायच्या: "काय वो, आज थंडी वाजते का तुले?" मला वाटायचं, एक दिवस ती उत्तर देईल, आणि ते उत्तर हिंदीत असेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, चालू तासाला, दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, मिला! जुन्या डिस्कमध्ये. जसा तुम्ही पाठवला तसा."

पोरांना भागाकार घालून मी निघाले. त्यानं स्क्रीनवर लावून ठेवला होता. दीडशे ठिपके. पुसट, कडेनं मऊ झालेली, पण ती. तोंड मिटलेलं. गाल फुगवलेले. डोळे बारीक करून कोणावर तरी चिडलेली. मी काउंटर धरून उभी राहिले.

"केवढा छापू?" त्यानं विचारलं.

दीडशे भागिले तीनशे. अर्धा इंच. जुन्या फोटोत जेवढा चेहरा होता तेवढाच. त्याहून मोठा करायचा तर पुन्हा ते त्रेसष्ट येणार. म्हटलं, पोस्टकार्डच छापा.

"गालावरचा डाग काढू?"

"कशालाही हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की आधारकार्डाच्या झेरॉक्सला आलेला माणूस दोन पावलं मागे सरकला. डागाबिगाचा मी विचारच केला नव्हता. त्या मशीननं तिला पुन्हा शिवू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. आईंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग मुलाकडे. म्हणाल्या, "तू एवढा म्हातारा कधी झाला रे?" सगळे हसले. मी हसले की नाही आठवत नाही. माझ्या पर्समध्ये पाकिटात तो छोटा फोटो होता आणि हात पर्सवरून हलत नव्हता.

घरी आलो. काळा चष्मा घातलेल्या आई चपला काढून सरळ देवघरासमोर गेल्या. चष्मा वर केला. मी मागे उभी. नवरा दारात, किल्ली हातात तशीच. त्यांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. 'हीच माझी' असं म्हणू नका, मी मनात म्हणत होते, शिव्या द्या, घराबाहेर काढा, पण तेवढं म्हणू नका.

"ही कोन हाय?" आई म्हणाल्या.

माझा श्वास सुटला आणि त्याबरोबर रडूही. मी पाकीट पुढे केलं. "आई, ही घ्या. मोठा बिघडला. मशीननं चेहरा बदलला. ही खरी आहे, पण एवढीच होते, मोठी होत नाही."

त्यांनी तो फोटो खिडकीशी नेला. डाव्या डोळ्याजवळ धरला. नवा डोळा, अर्ध्या इंचाचा चेहरा. आता त्यांना मोठा लागतच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या आणि नखानं तिच्या गालावर टेकवलं. "तीट."

मी वाकून पाहिलं. तोच काळा ठिपका.

"काजळाची तीट. मी लावेल हाय. तो तंबूवाला म्हने, पुसा बाई, फोटोत डाग दिसंल. मी म्हनलं, नाही पुसत. जत्रेत हजार लोकाइची नजर. फोटो नाही काढला तरी चालंल, पन तीट नाही पुसत. लय भांडले मी त्याच्यासंगं. म्हनून तर पोर अशी रुसेल हाय, मी भांडून राह्यले व्हते ना." त्या हसल्या. मग मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मोठ्या फोटोतला गोरापान, स्वच्छ गाल. "हिले काऊन नाही?"

कोणीही मला विचारलं नसतं. मशीनवर ढकलता आलं असतं. बाकी सगळं मशीननंच केलं होतं.

"मी सांगितलं पुसायला," मी म्हणाले. "मला डाग वाटला, आई."

पन्नास वर्षांपूर्वी जत्रेतल्या फोटोवाल्याला जे करू दिलं नव्हतं ते मी दोन शब्द टाइप करून करवून घेतलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायला धजेना. त्या वळून आत गेल्या. आत डबे हलवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता माझ्याशी कधी बोलणार नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा हातात काजळाची डबी होती. करंगळी डबीत फिरवली आणि त्या मोठ्या फोटोच्या काचेवर, त्या अनोळखी पोरीच्या गालावर, तीट लावली. नीट, दाबून.

"कोनाची का असंना," त्या म्हणाल्या. "दोन महिने बोलली मी तिच्यासंगं. आता तिले उघडी कशी ठेवू?"

नवऱ्यानं हळूच विचारलं, "आई, घरात दोन फोटो? मोठा तापीत सोडू का?"

"दोन कुठी हायेत एकाचे?" त्या म्हणाल्या. "दोघी येगयेगळ्या हायेत. राहू दे."

छोटा फोटो आता आईंच्या उशाशी असतो. मोठा भिंतीवर आहे, सहा बोटांसकट. त्याची काच अजून मीच पुसते, दर शनिवारी, स्टुलावर चढून. गालावरची तेवढी जागा सोडून.